आमटीत काय काय होतं

सारिकाचा फोन आला तेव्हा मी दुपारची भांडी घासत होते. माझे हात साबणानं भरलेले, म्हणून ह्यांनी फोन उचलला आणि माझ्या कानाला लावून धरला.

"मावशी, आजच्या आमटीत काय काय घातलं होतं?"

तिला धाप लागली होती. मागं कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं, एक बाई रडत होती.

"का गं? काय झालं?"

"आधी सांगा लवकर. डॉक्टर विचारत्यात. मुक्तानं खाल्ली आमटी, माझ्या डब्यातली. चौगुले मॅडमची मुलगी. तिचे ओठ सुजलेत, अंगभर गांधी उठल्यात, श्वास घेता येईना तिला. दूध चालत नाही मावशी तिला, थेंबभरसुद्धा नाही. तिला भूक लागली होती म्हणून मी माझ्यातलं दिलं. आपल्यात दूध नसतंच ना."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान फिरवली.

"शेंगदाण्याचा कूट," मी म्हणाले. "तिखट, मीठ. चिंच. गूळ. लसूण-कोथिंबीर. फोडणीला गोडेतेल, जिरं, कढीपत्ता."

"अजून?"

"अजून काय असणार? एवढंच."

तिनं तिथल्या तिथं कुणाला तरी सगळं सांगितलं. एका पुरुषाचा आवाज आला, "मग शेंगदाणाच असणार." फोन बंद झाला.

एवढंच नव्हतं. आमटी उतरवल्यावर मी सारिकाच्या वाटणीची वेगळी काढायची आणि तिच्यात तीन चमचे दुधाची पावडर कालवायची. त्या दिवशीही कालवली होती. चार महिने रोज कालवत होते.

ह्या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. तेव्हा आम्ही सांगलीत, कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. ह्यांची सूतगिरणी बंद पडली, तशी मी घरात मेस सुरू केली. बारा डबे जायचे. शालन मावशीचा डबा म्हटलं की त्या गल्लीत कुणीही घर दाखवायचं.

सारिका बंडगर त्या वर्षी जूनमध्ये आली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आटपाडीकडची, अंगानं किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, माझ्या डब्यात दूध, दही, ताक, तूप नको. मटण नको, अंडी नकोत. मधसुद्धा नको."

"उपवास आहे का कसला?"

"नाही."

"मग नवस?"

"नाही ओ मावशी. मी खातच नाही तसलं. जनावराकडून घेतलेलं काही नाही. व्हीगन म्हणतात त्याला."

मी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द ऐकला. म्हटलं, "मग तू खाणार तरी काय?"

"भाकरी, पिठलं, उसळ, आमटी, चटणी. तुम्ही रोज काय खाता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. आम्हीही तेच खात होतो. चहातलं दूध आणि सणावाराचं तूप सोडलं तर माझी सासू जन्मभर त्याच्यावरच जगली होती. पण तिला मिळत नव्हतं म्हणून ती खात नव्हती. ही पोरगी म्हशी बांधलेल्या घरातून आली होती आणि नको म्हणत होती, ते माझ्या पचनी पडेना.

पुढं कळलं की ह्याच पायी घरी भांडण झालं होतं. बाप दूधवाला. "माझ्या दुधावर वाढलीस आणि माझ्याच दुधाला नावं ठेवतीस," म्हणून त्यानं पैसे पाठवायचे बंद केले होते. सारिका कॉलेजच्या 'कमवा आणि शिका'तून ग्रंथालयात काम करायची. पुस्तकं लावायची, नोंदी करायची. त्यातून खोलीचं भाडं आणि एक वेळचा डबा, एवढंच भागायचं. तो एक डबा ती दोनदा खायची. अर्धा दुपारी, अर्धा संध्याकाळी. हे मला तिच्या खोलीतल्या मुलींकडून कळलं, ती स्वतः कधी बोलली नाही.

चहा मात्र तिला लागायचा. शेंगदाणे भिजत घालायची, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि ते पांढरं पाणी चहात घालायची. एकदा मला प्यायला लावला. मी कसाबसा गिळला.

"बदामाचं दूध मिळतं ना गं दुकानात?"

"ते मोठ्या लोकांचं, मावशी," ती हसून म्हणाली. "माझं शेंगांवरच भागतं."

सप्टेंबरात ती ग्रंथालयाच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर आठ निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दूध-अंडी खा म्हणून सांगितलं. ही म्हणाली, "दूध-अंडी सोडून काय ते सांगा." मग त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, बी-बाराच्या दिल्या, आणि ह्या कधी चुकवायच्या नाहीत म्हणून दम भरला.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्यावर शेजारची बाई मला म्हणाली, "शालन, तुझ्या मेसची पोरगी पडली म्हणे चक्कर येऊन. पोटाला काय घालतीस का नाही?"

मला त्या पोरीची कणव होती हे खरं. पण त्या बाईचं बोलणं कणवेपेक्षा जास्त लागलं, हेही खरं आहे. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

मी तिच्या डब्यात अळीव आणि गूळ घालायला लागले. रोज पालेभाजी, आठवड्यातून दोनदा हुलगे, जवसाची चटणी. संध्याकाळी ह्यांच्या हाती आणखी एक छोटा डबा पाठवायची आणि उरलंय म्हणून सांगायची. हे सगळं उघड होतं, ती नको-नको म्हणत खायची. आणि त्याच्याच जोडीला मी ह्यांना दुधाची पावडर आणायला लावली.

पहिल्या दिवशी एकच चमचा घातला. संध्याकाळी डबा परत आला तो घासूनपुसून रिकामा, आणि आत चिठ्ठी, 'मावशी, आज आमटी लई झकास झालीय.' दुसऱ्या दिवशी दोन घातले. तिसऱ्या दिवसापासून तीन.

मनाला टोचायचं का? पहिला आठवडा टोचलं. नंतर मीठ घालावं तसा हात आपोआप जायला लागला. उलट थोडी गंमतच वाटायची. म्हणायची, बघ, घेतेस की नाही दूध? माझ्या हातून घेतेस की नाही?

डिसेंबरात तिचं रक्त साडेदहा झालं. रिपोर्ट घेऊन ती सरळ माझ्याकडं आली, खोलीवरसुद्धा गेली नाही. कागद माझ्यापुढं धरून म्हणाली, "बघा मावशी. सगळे म्हणत होते दुधाशिवाय व्हायचं नाही. हे तुमच्या डब्यानं झालं."

मी तो कागद हातात घेतला. त्यातलं मला काही कळत नव्हतं, तरी बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालं."

तिनं कॉलेजच्या फलकावर एक पान लिहून लावलं. कमी पैशांत, दुधाशिवाय, रोज काय खावं. त्यात माझ्या आमटीची कृती होती, मी तिला सांगितलेली. खाली माझं नाव. ते पान वाचूनच चौगुले मॅडम तिच्याशी बोलायला लागल्या. त्या ग्रंथपाल. त्यांच्या सात वर्षांच्या मुक्ताला दुधाचं वावडं आहे, हे सारिकाला तेव्हा कळलं. मला ती सांगायची, "मॅडम किती जपतात ओ तिला. बाहेरचं बिस्कीटसुद्धा देत नाहीत. मी म्हटलं, माझा डबा असला की काळजी नाही." मी ऐकायची आणि भाकऱ्या थापत राहायची. मुक्ता कधी तो डबा खाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं तर येऊ दिलं नाही.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती म्हणून मुक्ता ग्रंथालयात येऊन बसली होती.

फोन ह्यांनी फळीवर ठेवून दिला. मी परत भांड्यांना बसले. तोच टोप दोनदा घासला. मग हे म्हणाले, "डॉक्टरच्या हाताखाली आहे ना पोरगी? मग होईल बरी."

"मी खोटं बोलले ओ."

"बोललीस ते बोललीस. डॉक्टर शेंगदाणा म्हणालाय ना, शेंगदाणा असू दे. बारा डबे जातात आपले. उद्या कुणाला कळलं तर एक तरी राहील का?"

"आणि पोरगी?"

"पोरगी काही आपण जाऊन बरी होणार नाही. गप्प बस, शालन."

मी गप्प बसले. भांडी पालथी घातली, ओटा पुसला, रात्रीसाठी मटकी निवडायला घेतली. निवडता निवडता मनात यायला लागलं की डॉक्टर शेंगदाणा म्हणाला, म्हणजे आजपासून त्या पोरीचा शेंगदाणा बंद. दूध तर आधीच बंद. आता आई तिला काय देईल? आणि आमटीत दूध नव्हतंच अशी सगळ्यांची खात्री राहिली, तर पुन्हा कधी, शेंगदाणा नसलेल्या दिवशी, सारिका तिला आपल्या डब्यातला घास देईल. आणि मी त्यात पावडर घातलेली असेल. किंवा नसेल. ते फक्त मला ठाऊक असणार.

मी उठले. फळीवरच्या डब्यामागं ठेवलेली पावडरची पिशवी काढली, पदराखाली घेतली आणि चपला घातल्या. हे दारात आडवे आले नाहीत. नुसते म्हणाले, "रिक्षानं जा. उन्हाचं चालू नको."

दवाखाना लहान मुलांचा होता, स्टेशनच्या रस्त्याला, वरच्या मजल्यावर. जिना चढताना माझे गुडघे दुखत होते, ते मला अजून आठवतंय, कारण मी सारखी थांबत होते आणि मला कळत नव्हतं की गुडघ्यांमुळं थांबतेय की कशामुळं.

मुक्ता खाटेवर झोपली होती. नाकातोंडावर मास्क, हाताला सुई. ओठ अजून जाड दिसत होते, गालावर लाल चट्टे. पण छाती हळूहळू वरखाली होत होती. चौगुले मॅडम तिचा पाय धरून बसल्या होत्या. सारिका भिंतीला टेकून उभी होती. हातात माझा डबा.

मला बघून ती पुढं आली. "मावशी, तुम्ही कशाला आला एवढ्या उन्हाचं? तुमची काय चूक आहे त्यात? मीच द्यायला नको होतं. मला काय माहीत तिला शेंगदाणापण…"

डॉक्टर तरुण होते. कागदावर लिहीत मॅडमना सांगत होते, "इंजेक्शन वेळेवर मिळालं, आता ती ठीक आहे. आजची रात्र इथं ठेवू. पण शेंगदाणा आजपासून पूर्ण बंद. कूट, चटणी, चिक्की, लाडू, काही नाही. शेंगदाण्याचं तेलसुद्धा बदला."

मॅडम म्हणाल्या, "आत्तापर्यंत खायची हो ती. चिक्की तर आवडीनं खायची. आता डब्यात देऊ काय मी हिला?"

"असं अचानक सुरू होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. परत म्हणाले, "डॉक्टर, आमटीत दूध होतं."

त्यांनी मान वर केली.

मी पिशवी काढून टेबलावर ठेवली. "ही पावडर. तीन चमचे. मीच घातली होती."

"कशात? सगळ्या आमटीत?"

"नाही. हिच्या एकटीच्या."

"शिजताना की शिजल्यावर?"

"उतरवल्यावर."

त्यांनी पिशवी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं. मग आधी लिहिलेल्या कागदावर एक आडवी रेघ मारली आणि नवीन कागद घेतला. लिहिता लिहिताच विचारलं, "कशासाठी घातलीत?"

"हिचं रक्त कमी होतं. ही दूध घेत नव्हती."

"दुधानं रक्त वाढत नाही, मावशी," ते म्हणाले. रागानं नाही. किती वाजले ते सांगावं तसं.

मी तिथं उभी होते आणि मला ते नीट कळायला वेळ लागला. अळीव, गूळ, हुलगे, त्या गोळ्या, संध्याकाळचा तो छोटा डबा, जे काय झालं होतं ते त्यानं झालं होतं. जे मी उघड दिलं होतं त्यानं.

चौगुले मॅडम उठल्या. माझ्याकडं नाही, सारिकाकडं वळल्या. "तुला माहीत होतं?"

सारिका माझ्याकडं बघत होती.

"तिला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "तिला मुळीच माहीत नव्हतं, मॅडम. चार महिने मी तिला फसवून घालत होते. तिनं तुम्हाला जे सांगितलं ते खरं समजूनच सांगितलं."

"तुम्ही मघाशी फोनवर नाही म्हणालात."

"होय."

"दीड तास झाला त्याला."

मी मान खाली घातली. मॅडम परत खाटेवर बसल्या आणि मुक्ताचा पाय हातात घेतला. मी तिथून बाहेर पडावं एवढंच आता त्यांना हवं होतं, आणि ते मला दिसत होतं.

सारिका माझ्यामागून खाली आली. दवाखान्याच्या दारात औषधाचं दुकान होतं, त्याच्या बाजूला एक लाकडी बाक. ती बाकावर बसली, मी उभी राहिले. तिनं डबा बाकावर, दोघींच्या मधे ठेवला.

"चार महिने?"

"होय."

"रोज?"

"रविवार सोडून."

रविवारी मेस बंद असायची. काय म्हणून मी ते सांगितलं कोण जाणे.

ती रडेल असं मला वाटलं होतं, नाहीतर ओरडेल. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या रस्त्याकडं बघत होती. मग हळूहळू बोलायला लागली, मला सांगत असल्यासारखं नाही.

"आमची एक म्हैस होती. राणी म्हणायचो. मी दहावीत असताना तिचं रेडकू मेलं. मेलं म्हणजे, रेड्याला कोण दूध पाजतंय? उपाशीच मेलं ते. मग ती पान्हा सोडेना. बापानं रेडकाचं कातडं काढलं, त्यात पेंढा भरला, शिवलं. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढं ते उभं करायचं. मग ती पान्हा घालायची."

एक रिक्षा येऊन थांबली, कुणीतरी बाळाला घेऊन उतरलं.

"ते धरून उभं राहायचं काम माझं होतं. बाप धार काढायचा आणि मी धरून उभी. ती चाटायची त्याला, मावशी. कानाजवळ, पाठीवर. चाटून चाटून तिथले केस गेले. आणि मला माहीत होतं, तिला नव्हतं. सात महिने धरलं मी ते."

तिनं डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक हसतात."

"मला का नाही सांगितलंस गं? मला सांगितलं असतंस तर…"

"तर घातलं नसतं?"

मी हो म्हणू शकले नाही. खरंच सांगते, मला ठाऊक नव्हतं. अजूनही ठाऊक नाही.

ती उठली. "उद्यापासून डबा नको, मावशी," म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

बाकावरचा डबा मी घरी आणला. त्यात अर्धी आमटी तशीच होती.

गोष्ट गल्लीत पसरायला दोन दिवस लागले. कुणी पसरवली मला माहीत नाही, सारिकानं नाही एवढं नक्की. एका जैन मुलानं दारात येऊन विचारलं, "मावशी, माझ्या डब्यात कधी कांदा-लसूण तर नव्हता ना?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, कधीच नाही." ते अगदी खरं होतं, त्याची आमटी मी वेगळी शिजवायची. तो मान हलवून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानंही डबा बंद केला. बाराचे सात झाले. हे मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मुक्ता दुसऱ्या दिवशी घरी गेली. मॅडमनी सारिकाला कामावर ठेवलं, पण मुक्ता पुन्हा ग्रंथालयात आली नाही. एकदा मी मॅडमना भेटायला कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले होते. त्यांनी लांबूनच मला बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेल्या.

सारिका काय खाते ते मी तिच्या खोलीतल्या मुलींना विचारायची. त्या म्हणायच्या, चुरमुरे. कधी भिजवलेली मटकी. घरमालकाची नजर चुकवून विजेच्या शेगडीवर भात. पंधरा दिवसांनी एकीनं सांगितलं, "सकाळी उठताना तिला भिंत धरावी लागते."

मी काही शिजवून नेण्यात अर्थ नव्हता. मी शिजवलेलं तिनं का खावं? पीठ न्यावं, तर पिठात काय आहे ते तिला कसं कळणार? कूट न्यावा, तर तेच. मी घरात सगळीकडं बघितलं आणि ज्याच्यात काही मिसळता येत नाही असं काय काय आहे ते वेचून काढलं. ज्वारी. अख्खी मटकी. हुलगे. न फोडलेल्या शेंगा, मातीसकट. गुळाची लहान ढेप, न फोडता. सगळं एका पिशवीत भरलं आणि तिच्या खोलीवर गेले.

तिनं दार उघडलं. पिशवीकडं बघितलं.

"निवडलेलंसुद्धा नाही," मी म्हणाले. "शेंगा फोडलेल्या नाहीत. बघून घे."

तिनं पिशवी आत घेतली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि माझ्यासमोर एकेक जिन्नस त्यावर ओतला. मटकीतून बोटं फिरवली. ज्वारीचे दाणे ओंजळीत घेऊन वास घेतला. एक शेंग फोडून दाणा चावला. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. ती बस म्हणाली नाही, मीही बसले नाही.

"पैसे एक तारखेला देईन," ती म्हणाली.

मी नको म्हणणार होते. मग म्हटलं, "दे."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी पिशवी न्यायची आणि ती ओतून बघायची. आमचं बोलणं तेवढंच. मुलींकडून कळायचं, ज्वारी स्वतः गिरणीत नेते, दळून होईपर्यंत उभी राहते, शेगडीवर तवा ठेवून वाकड्यातिकड्या भाकऱ्या थापते. गोळ्या चुकवत नाही. एकदा मी न राहवून म्हणाले, "अळीव आणू का पुढच्या वेळी? अख्खे असतात." तिनं विचार केला आणि म्हणाली, "आणा."

असे आठ महिने गेले. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. मी नेहमीसारखी दुपारी गेले. ती जमिनीवर पुस्तकं पसरून बसली होती, डोळे तांबारलेले. उठून तिनं पिशवी घेतली. वर्तमानपत्र पसरायला जागा नव्हती. ती पुस्तकांकडं बघत जरा वेळ उभी राहिली. मग पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवली, खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला, आधीची उरलेली ज्वारी होती त्यात, आणि तो माझ्यापुढं धरला.

"मावशी, उद्या पेपर आहे. तेवढं दळून आणाल का?"

मी डबा घेतला.

गिरणीत माझ्याआधी चार दळणं होती. गिरणीवाला म्हणाला, "मावशी, ठेवून जा की, तासाभरानं या." मी म्हटलं, "नको, थांबते." आधीची ज्वारी संपून आमची जात्यात पडेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, डब्यावरचा हात काढला नाही. माझ्या डोक्यावर, हातांवर, पदरावर सगळं पीठ बसलं. दळण झाल्यावर मी स्वतः डबा झाकला, वर फडकं बांधलं.

वाटेत आमचं घर लागतं. हे दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "केवढं ऊन आहे, जरा टेकून जा, पाणी पी." मी मान हलवली आणि पायरीसुद्धा न चढता पुढं गेले. पीठ अजून गरम होतं, ते गरम असतानाच तिच्या खोलीवर पोचायचं होतं.